किनाऱ्यावरचे दुकान, समुद्रातला मोबाइल

उत्तन, प्रतिनिधी

मासेमारी नौकेवर चढणाऱ्या सामानात बर्फ, डिझेल, पिण्याचे पाणी आणि जाळी यांच्या जोडीला मोबाइल आला, त्याला आता बराच काळ लोटला. उत्तन, पाली आणि चौक येथील कोळीवाड्यांत त्याचे अप्रूप उरलेले नाही. प्रश्न आहे तो त्या मोबाइलमध्ये काय असावे याचा. आणि त्याचे उत्तर मच्छीमारांपेक्षा सरकारी खात्यांकडूनच अधिकाधिक येऊ लागले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण व साहाय्य प्रणालीच्या देशव्यापी अंमलबजावणीचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांमधील एक लाख यांत्रिक आणि मोटारयुक्त नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसवायचे ठरले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानावर बेतलेले हे उपकरण उपग्रहाशी संपर्क साधते. तांडेलाशी मात्र त्याचा संवाद होतो तो मोबाइलवरील ‘नभमित्र’ या अ‍ॅपमधून, ब्लूटूथच्या मार्गाने आणि स्थानिक भाषेत.

उपग्रह, ट्रान्सपॉन्डर, किनाऱ्यावरील नियंत्रण केंद्र अशी ही साखळी आहे आणि तिची शेवटची कडी म्हणजे तांडेलाच्या खिशातील मोबाइल. पहिल्या तीन कड्यांची चर्चा भरपूर झाली. चौथीकडे फारसे कोणी पाहिले नाही. मोबाइलवरील अ‍ॅप हे एकदा बसवून विसरून जाण्याचे यंत्र नव्हे. त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, जुन्या बाद होतात, आणि मग एके दिवशी पडद्यावर एक खिडकी उघडते : ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे. अपडेट करा.’ खालचे बटन दाबले, की अ‍ॅप बाजूला होते आणि थेट प्ले स्टोअरमधील त्याच अ‍ॅपचे पान समोर येते. शहरातील वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, कारण दिवसातून एखाद वेळी तरी तो हा प्रवास करतच असतो. किनाऱ्यापासून दूर, डोल जाळी लावून बसलेल्या नौकेवर ही खिडकी उघडली तर काय, आणि किनाऱ्यावर बसलेल्या माणसाने त्या बटनाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवले तर काय, हे दोन प्रश्न मात्र उत्तनसारख्या गावात अगदीच निराळ्या वजनाचे ठरतात.

‘मार्केट’ नावाचा जुना पत्ता

अ‍ॅपच्या आत बसून स्टोअरचे पान उघडणे, हे काम संगणकीय भाषेत एका-दोन ओळींचे आहे. अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक अ‍ॅपला एक ओळखनाव असते. पडद्यावर दिसणारे नाव दोन अ‍ॅपचे सारखे असू शकते, पण हे आतले ओळखनाव स्टोअरमध्ये एकाचेच असते आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर ते बदलता येत नाही. अ‍ॅप लिहिणारा तंत्रज्ञ एक पत्ता तयार करतो. त्याच्या सुरुवातीला ‘मार्केट’ हा शब्द, मग ‘डिटेल्स’ आणि शेवटी हे ओळखनाव. तो पत्ता मोबाइलच्या प्रणालीकडे सोपवला, की प्रणाली तो उघडू शकणारे स्टोअर शोधते आणि नेमके तेच पान पुढे करते.

‘मार्केट’ या शब्दाचीही एक गंमत आहे. गूगलचे दुकान ऑक्टोबर २००८मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे नाव ‘अँड्रॉइड मार्केट’ होते. मार्च २०१२मध्ये ते बदलून ‘गूगल प्ले’ झाले. पाटी बदलली, पण आतला पत्ता तोच राहिला. कारण तो बदलला असता तर जगभरच्या जुन्या अ‍ॅपमधील बटने एका रात्रीत मुकी झाली असती. अ‍ॅपलच्या बाबतीतही असेच झाले. जुलै २००८मध्ये उघडलेल्या अ‍ॅप स्टोअरचा आतला पत्ता आजही आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानाच्या आद्याक्षरांनी सुरू होतो. गल्लीचे नाव बदलले तरी पोस्टमन जुन्याच नावाने पत्र आणून देतो, तशातला हा प्रकार.

या साध्या सोयीचे खरे मोल तिच्या नेमकेपणात आहे. वापरकर्त्याला स्टोअरमध्ये जाऊन नाव टंकित करावे लागत नाही. नावाने शोध घेतला, की एकसारख्या नावांची आणि एकसारख्या चिन्हांची रांगच समोर येते. त्यातले खरे कोणते, हे ठरवण्याचे ओझे मग त्याच्यावर पडते. ओळखनावाचा पत्ता त्याला त्या रांगेतून बाजूला काढून योग्य दारात नेऊन उभा करतो. सरकारी अ‍ॅपच्या बाबतीत तर याला अधिकच महत्त्व आहे. गूगलने २०२४पासून भारतासह काही देशांत प्ले स्टोअरमधील अधिकृत सरकारी अ‍ॅपच्या पानावर तसे चिन्ह दाखवण्यास प्रारंभ केला. डिजिलॉकर, एम-आधार यांसारख्या अ‍ॅपच्या पानांवर ते दिसू लागले. स्टोअरचे पान उघडले तरच हे चिन्ह दिसते, हे उघड आहे. कोणी पाठवलेल्या फाइलवर असे काही चिन्ह नसते.

पण पत्ता सोपवणे म्हणजे पान उघडणे असे नव्हे. प्रणालीला तो पत्ता उघडणारे स्टोअरच सापडले नाही, आणि तंत्रज्ञाने त्या शक्यतेचा आधी विचार केलेला नसला, तर अ‍ॅप तेथेच बंद पडते. हे काही काल्पनिक संकट नाही. मे २०१९मधील अमेरिकी निर्बंधांनंतर हुआवे कंपनीचे जे मोबाइल बाजारात आले, त्यांवर गूगलचे स्टोअरच नव्हते. काळजीपूर्वक लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये म्हणूनच दुसरी वाटही ठेवलेली असते : स्टोअर नसेल तर त्याच पानाचा इंटरनेटवरील पत्ता उघडावा. याउलट काही मोबाइलवर एकाहून अधिक स्टोअर असतात. सॅमसंगचे स्वतःचे आहे, शाओमीचे आहे. फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ बारा भारतीय भाषांत सुरू केले. अशा वेळी तो पत्ता कोणत्या दुकानाने घ्यायचा, हे प्रणाली वापरकर्त्याला विचारते किंवा आधी ठरून गेलेल्या दुकानाकडे सोपवते. सरकारी खात्याचे अ‍ॅप एकाच दुकानात प्रसिद्ध झालेले असेल आणि मोबाइलने भलतेच दुकान उघडले, तर समोर ‘अ‍ॅप सापडले नाही’ एवढेच येते. तेव्हा कोणते दुकान उघडायचे हेही कोडमध्येच बजावून सांगावे लागते.

नेटवर्कच्या पलीकडे

अ‍ॅप अद्ययावत करण्याच्या दोन रीती सर्रास वापरात आहेत. पहिलीत सूचना दिली जाते, पण काम अडत नाही. वापरकर्ता ‘नंतर’ म्हणू शकतो. दुसरीत नवी आवृत्ती घेतल्याशिवाय अ‍ॅप पुढे सरकतच नाही. गूगलने मे २०१९मध्ये अ‍ॅपच्या आतूनच नवी आवृत्ती उतरवून घेण्याची सोय तंत्रज्ञांना खुली केली, तीतही लवचीक आणि तात्काळ असे दोन प्रकार ठेवलेले आहेत. बँकांच्या अ‍ॅपमध्ये दुसरी रीत विशेष आवडती आहे आणि त्याला कारणही आहे. जुन्या आवृत्तीत सुरक्षेचे छिद्र राहून गेलेले असेल, तर ती चालू ठेवणे धोक्याचे असते. शहरी ग्राहक बसल्या जागी मिनिटभरात नवी आवृत्ती उतरवून घेतो आणि व्यवहार पुढे चालू करतो.

समुद्रावर मात्र हे सगळे गणित उलटे होते. मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंतच पोहोचते. डोल जाळीच्या मोठ्या नौका त्याच्या कितीतरी पलीकडे जातात आणि काही दिवस तेथेच राहतात. तेथे स्टोअरचे पान उघडण्याची आज्ञा कोडने दिली, तर स्टोअर उघडेलही. पण आत रिकामा पडदा आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच मजकूर असेल. मागे जाऊन अ‍ॅप उघडावे, तर पुन्हा तीच खिडकी. दुकान किनाऱ्यावर आणि गिऱ्हाईक समुद्रात, अशी ही कोंडी आहे. समाजमाध्यमाच्या अ‍ॅपवर ती आली तर करमणूक हुकते. सागरी सुरक्षेच्या अ‍ॅपवर आली, तर हवामानाचा इशारा किंवा संकटाचा संदेश हुकण्याची भीती असते.

या भीतीला पूर्वइतिहास आहे. नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाने केरळ आणि तमिळनाडूच्या खोल समुद्रातील मच्छीमारांना गाठले, तेव्हा अनेक नौकांपर्यंत इशारा पोहोचूच शकला नव्हता. मोबाइलचे जाळे संपते तेथून पुढे इशारा कसा न्यायचा, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजेच ‘इन्कॉइस’ने, ९ ऑक्टोबर २०१९ रोजी पुढे आणलेले ‘जेमिनी’ हे उपकरण हे त्याच प्रश्नाचे एक उत्तर होते. ‘गगन’ उपग्रह प्रणालीकडून आलेला संदेश हे उपकरण ब्लूटूथने मोबाइलला देते आणि मोबाइलवरील अ‍ॅप तो नऊ प्रादेशिक भाषांत उलगडून दाखवते. म्हणजे येथेही शेवटचे पाऊल अ‍ॅपचेच. महाराष्ट्राच्या वाट्याला जून २०२०मध्ये निसर्ग आणि मे २०२१मध्ये तौक्ते ही वादळे आली. तौक्तेच्या वेळी मुंबईच्या समुद्रात पी-३०५ या तराफ्यावरील दुर्घटनेने किती मनुष्यहानी केली, हे विस्मरणात जाण्याइतके जुने नाही.

यातून निघणारा नियम साधा आहे. समुद्रात वापरायच्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये स्टोअरकडे नेणारे बटन असावे, पण ते अडवणारे नसावे. नवी आवृत्ती आहे, हे अ‍ॅपने मोबाइलला जाळे मिळत असतानाच सांगावे. जाळे नसेल तेव्हा त्या विषयावर मौन पाळून हाती असलेल्या आवृत्तीनिशी काम करावे. जाळे आहे की नाही, हे तपासणे तंत्रज्ञाला अवघड नाही. तेही दोन ओळींचेच काम. स्थानदर्शक प्रणालीला मोबाइलच्या जाळ्याची गरज नसते, ही गोष्ट सागरी अ‍ॅप तयार करणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने मच्छीमारांसाठी तयार केलेल्या अ‍ॅपमध्ये सागरी सीमेचा इशारा याच तत्त्वावर दिला जातो. तेव्हा ज्ञानाची उणीव नाही. उणीव असते ती खात्याच्या कागदपत्रांत अशी अट लिहून घेण्याची. ‘अ‍ॅप तयार करून देणे’ एवढेच वाक्य जेथे पुरेसे मानले जाते, तेथे हे अ‍ॅप ऐरोलीच्या कार्यालयात चालवून पाहायचे की सागरात वीस मैलांवर, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

केंद्र सरकारच्या आदेशाने गेली अनेक वर्षे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. नौका किनाऱ्याला ओढलेल्या, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली आणि मोबाइलला भरपूर जाळे. सक्तीच्या नव्या आवृत्त्या काढायच्याच असतील तर त्या याच दोन महिन्यांत काढाव्यात, हे सुचायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सप्टेंबरच्या ऐन हंगामात निघालेली सक्तीची आवृत्ती म्हणजे पेरणीच्या दिवशी सात-बारा दुरुस्तीसाठी शेतकऱ्याला तहसीलात बोलावण्यासारखे आहे.

फाइल आणि पान

दुसरा धोका किनाऱ्यावरचा आहे आणि तो मच्छीमारांपुरता मर्यादित नाही. मीरा रोडच्या गृहसंकुलांत राहणाऱ्या नोकरदारालाही तो तितकाच लागू आहे. मोबाइलवर अ‍ॅप दोन वाटांनी येते. एक स्टोअरची. दुसरी थेट फाइलची. ही फाइल कोणीही कोणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकतो. वाहतूक नियमभंगाचे चलन, लग्नाची आमंत्रणपत्रिका, बँकेची ग्राहक पडताळणी अशा नावांनी फिरणाऱ्या फाइली या दुसऱ्या वाटेच्या. जुलै २०२४मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने अशाच एका टोळीचा माग काढला. परिवहन खात्याच्या नावाने खोट्या चलनाचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, त्यातील दुव्यावरून फाइल उतरवून घ्यायला लावायची आणि ती फाइल एकदा आत शिरली, की मोबाइलवर येणारे संदेश चोरून वाचायचे, अशी तिची रीत होती. ४,४०० हून अधिक मोबाइल या फाइलीने बाधित झाले आणि टोळीतील एकट्याच्याच हाती १६ लाखांहून अधिक रुपये लागले, असे त्या कंपनीने म्हटले होते.

खरे आणि खोटे येथे वेगळे कसे ओळखायचे? अँड्रॉइड प्रणालीची एक अंगभूत राखण आहे. एकाच ओळखनावाचे अ‍ॅप आधीपासून मोबाइलवर असेल, तर त्याच्यावर चढू पाहणाऱ्या नव्या फाइलीवर मूळ निर्मात्याचीच डिजिटल सही असावी लागते. सही जुळली नाही, तर प्रणाली ती फाइल नाकारते. त्यामुळे ठगाला खऱ्या अ‍ॅपच्या जागी आपले खोटे अ‍ॅप सहजासहजी बसवता येत नाही. तो दोन युक्त्या करतो. निराळ्या ओळखनावाचे, पण चिन्ह तेच असलेले अ‍ॅप पाठवतो. किंवा ‘जुने काढून टाका आणि हे नवे बसवा’ असे सांगतो.

आणि नेमके हेच वाक्य सरकारी खातीही नागरिकांना सांगत आली आहेत, ही खरी अडचण आहे. महाराष्ट्राच्या महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार केलेले ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. शेतकऱ्याने स्वतःच शेतात उभे राहून पिकाची नोंद करायची, ही कल्पना चांगली होती. नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पुढे डिजिटल पीक सर्वेक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमाशी जोडलेले नवे अ‍ॅप आले, आणि जुने अ‍ॅप काढून टाकून स्टोअरमधून नवे घेण्याच्या सूचना गावोगावी गेल्या. सूचना योग्यच होती. पण ती तलाठी कार्यालयातून, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहातून, कोणाच्या तरी पुढे ढकललेल्या संदेशातून पोहोचली, तर शेतकऱ्याच्या मनात बसते ती वेगळीच सवय : संदेश येतो, त्यात दुवा असतो, तो दाबायचा असतो. ठगाला याहून अधिक काही नको असते.

हे काम जुन्या अ‍ॅपमधूनच करून घेता येते. ज्याच्या मोबाइलवर खरे जुने अ‍ॅप आहे, त्याला त्याच अ‍ॅपमधील बटनाने नव्या अ‍ॅपच्या स्टोअरमधील पानावर नेले, तर मध्ये तिसरा कोणी येत नाही. ओळखनाव कोडमध्ये लिहिलेले असते. ते वाटेत बदलण्याची सोय कोणाला नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरील दुवा मात्र प्रत्येक हातातून जाताना बदलू शकतो. ‘आमच्या खात्याचे अ‍ॅप कधीही फाइल म्हणून पाठवले जात नाही, नवी आवृत्ती केवळ अ‍ॅपमधील बटनातूनच घ्यावी’ असे खात्याला एकदा ठामपणे सांगता आले, तर नागरिकाला पाळता येईल असा एक तरी नियम मिळेल. आज असा नियम सांगण्याची सोय नाही, कारण खाती स्वतःच तो पाळतात असे नाही.

उत्तनमध्ये याची निकड वाढण्याचे आणखी एक कारण आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीजदर यांतील सवलतींच्या दृष्टीने मच्छीमारांना तो हवाच होता. त्याआधी सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने मत्स्यव्यवसायासाठी राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू केले आणि मच्छीमार, व्यापारी, संस्था यांच्या नोंदणीस प्रारंभ झाला. शेतीचा दर्जा आला, की शेतीच्या वाट्याला आलेली नोंदणी, ओळखक्रमांक आणि अ‍ॅप यांची वरातही मागोमाग येणार, हे ओघानेच आले. बोंबील वलांडीवर घालून परतलेल्या घरातील बाईच्या मोबाइलवर ‘अनुदानासाठी नवे अ‍ॅप घ्या’ असा संदेश आला, तर तो खात्याचा की ठगाचा, हे तिने कशावरून ठरवायचे? मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाची सायबर शाखा आहे, १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पण ही सारी व्यवस्था पैसे गेल्यानंतरची आहे.

दुकानदार कोण?

येथवरच्या मांडणीतून स्टोअर म्हणजे सुरक्षित आणि बाहेरचे म्हणजे असुरक्षित, असा समज होऊ शकतो. तो तितकासा खरा नाही. डिजिटल कर्जव्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१मधील अहवालात म्हटले होते, की भारतीय अँड्रॉइड वापरकर्त्यांसाठी ८०हून अधिक स्टोअरमध्ये मिळून कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप उपलब्ध होती आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. त्यानंतर एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने आपल्या स्टोअरमधून अडीच हजारांहून अधिक कर्ज अ‍ॅप काढून टाकल्याची माहिती केंद्रीय अर्थ मंत्रालयाने संसदेत दिली. म्हणजे दुकानाच्या फळीवर ठेवलेला प्रत्येक माल पारखलेला असतो असे नाही. फरक एवढाच, की दुकानात ठेवलेल्या मालाला निदान कोणाचे तरी नाव चिकटलेले असते आणि तक्रारीनंतर तो फळीवरून काढता येतो.

दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्नही आहेच. सेवाशुल्काच्या वादातून गूगलने १ मार्च २०२४ रोजी काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप स्टोअरमधून काढण्यास सुरुवात केली. शुल्क न भरणाऱ्या दहा कंपन्या असल्याचे तिने म्हटले होते. नोकरी शोधण्याचे, घरे शोधण्याचे आणि विवाह जुळवण्याचे प्रसिद्ध अ‍ॅप त्यांत सापडले. तत्कालीन केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ती परत आली. ज्यांच्या मोबाइलवर ती आधीपासून होती, त्यांचे काम त्या दिवसांत चालू राहिले. पण त्या अ‍ॅपमधील ‘अपडेट’ किंवा ‘मित्राला पाठवा’ हे बटन दाबणारा रिकाम्या पानावर जाऊन आदळला. कोडची ओळ बरोबर असूनही पानच नाहीसे होऊ शकते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा प्ले स्टोअरमधूनच इतर स्टोअर वितरित होऊ द्यावीत, असाही एक निर्देश दिला होता. मार्च २०२३मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र चार निर्देश रद्द केले आणि त्यांत हाही होता. स्पर्धेच्या अंगाने हा निकाल योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र विषय. उत्तनच्या अंगाने पाहिले, तर त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच निघतो की, बहुसंख्य मोबाइलवर ‘मार्केट’ हा पत्ता आजही एकाच दुकानात जातो. केंद्र सरकारचे स्वतःचे ‘मोबाइल सेवा’ अ‍ॅप स्टोअर आहे, प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे ‘सी-डॅक’ने, ते उभारले आहे, पण घेतलेल्या नव्या मोबाइलवर ते आयते बसवलेले नसते आणि मच्छीमाराने ते मुद्दाम शोधून काढावे, ही अपेक्षा बाळगणे वास्तवाला धरून नाही.

तेव्हा एकाच दुकानावर विसंबायचे असेल, तर निदान त्या दुकानातील जागा खात्याच्या नावावर असली पाहिजे. अ‍ॅप प्रसिद्ध करणारे खाते बहुधा कंत्राटदार कंपनीच उघडते, कारण सोपे असते. कंत्राट संपले, दुसरी कंपनी आली, की नवे खाते, नवे ओळखनाव आणि नवे पान. जुन्या अ‍ॅपमधील बटन मग ओसाड घराकडे बोट दाखवत राहते. वस्तुतः एका खात्यावरील अ‍ॅप त्याच ओळखनावानिशी दुसऱ्या खात्यावर नेण्याची सोय गूगलने ठेवली आहे. त्यासाठी जुन्या कंत्राटदाराची संमती लागते, आणि ती संमती कंत्राट देतानाच लिहून घ्यायची असते. जहाजाची नोंदणी मालकाच्या नावावर करायची की तांडेलाच्या, याबद्दल ज्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या मनात कधी संशय नसतो, त्याला अ‍ॅपच्या मालकीचा प्रश्न समजायला कठीण जाऊ नये.

मच्छीमार सहकारी संस्था या बाबतीत अधिक उपयोगी पडू शकतात. सवलतीच्या डिझेलचा हिशेब या संस्थांच्याच हातून जातो. नौका समुद्रात लोटण्यापूर्वी मालकाला त्यांच्या दारात जावेच लागते. तेथे चांगल्या जोडणीचा एक इंटरनेट संच आणि अ‍ॅपच्या पानाचा छापील संकेतचौकोन लावलेला असला, मोबाइलने तो टिपताच थेट स्टोअरमधील पान उघडले, तर कोडमधील ओळ जे करते तेच भिंतीवरील कागदही करील. तांडेलाच्या मोबाइलवर गूगलचे खाते आहे का, परवलीचा शब्द मुलाला ठाऊक आहे आणि मुलगा कामाला वांद्र्याला गेला आहे असे तर नाही ना, फोटोंनी भरलेल्या मोबाइलमध्ये नव्या आवृत्तीला जागा आहे का, या सगळ्या बारीक अडचणी नौका बंदरात असतानाच सुटू शकतात. भर समुद्रात त्यांतली एकही सुटत नाही.

गूगलने ऑक्टोबर २०२४मध्ये भारतासाठी एक प्रायोगिक व्यवस्था जाहीर केली. संदेश वाचणे, सूचना पाहणे यांसारख्या नाजूक परवानग्या मागणारे अ‍ॅप बाहेरून उतरवलेल्या फाइलीतून येत असेल, तर ते आपोआप अडवले जाते. ऑगस्ट २०२५मध्ये कंपनीने त्यापुढचे पाऊल टाकले. स्टोअरबाहेरून येणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यालाही आपली ओळख पटवून द्यावी लागेल. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे आणि २०२७पासून उर्वरित जगात टप्प्याटप्प्याने, असे वेळापत्रक तिने जाहीर केले. भारत त्या पहिल्या चार देशांत नाही. जी सरकारी खाती अजूनही आपली अ‍ॅप फाइलीच्या रूपाने वाटतात, त्यांना तोवर नाव-पत्ता नोंदवावा लागेल किंवा स्टोअरची वाट धरावी लागेल.